बांडगुळावरचं पाखरू

यंदा बांडगूळ लवकर फुललं. शेतावर गेलेला माझा नवरा फोनवर वांग्यांचं, पाण्याच्या पाळीचं बोलत होता. मध्येच म्हणाला, "आणि हो, तुझं बांडगूळ लागलं फुलायला," आणि परत वांग्यांवर गेला. मी तव्यासमोर उभी होते. नाशकात गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत, घराच्याच पुढच्या खोलीत, माझं पोळीभाजी केंद्र आहे आणि सकाळच्या त्या वेळी मला शिंकायलाही फुरसत नसते. पण फोन ठेवला आणि माझं लक्षच उडालं. भाजीत मीठ दोनदा पडलं. एका डब्यात पोळ्या गेल्या आणि भाजी ओट्यावरच राहिली. गिऱ्हाइकाचा तक्रारीचा फोन आला तेव्हा कुठे मी जागेवर आले.

सगळं जग आंब्याच्या मोहोराची वाट बघतं आणि मी आंब्याला खाणाऱ्या बांडगुळाची. घरात यावरून माझी यथेच्छ थट्टा होते. बांडगूळ म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारं झाड. आंब्याच्या फांदीत मुळं रुतवायची, आंब्याचं पाणी प्यायचं आणि आंब्याच्याच डोक्यावर आपली जाड पानं पसरायची. शेतकऱ्याच्या घरात हा शब्द शिवी म्हणूनच वापरतात. पण थंडी सरत आली की त्याला बोटाएवढाल्या शेंदरी नळ्यांची फुलं येतात आणि त्या फुलांसाठी अंजनेरीच्या डोंगरातून एक पाखरू खाली येतं. येतं, असं मी म्हणते. ते खरंच येतं की नाही या प्रश्नात आमच्या घराचं एक अख्खं वर्ष गेलं.

हा मोसमच मेला मला स्वस्थ बसू देत नाही. धड हिवाळा नाही, धड उन्हाळा नाही. सकाळी स्वेटर घालून निघावं आणि दुपारी तोच कमरेला बांधून फिरावं. रस्त्यावर द्राक्षांचे क्रेट भरलेल्या गाड्या, चौकाचौकात द्राक्षांच्या हातगाड्या, कोपऱ्यावरच्या रसवंतीची घुंगरं वाजायला लागलेली. हवेत मोहोराचा वास आणि त्याच्याखाली कुठेतरी औषधाच्या फवारणीचा. मी निफाडकडच्या द्राक्षवाल्यांची मुलगी. आमच्याकडे हे दिवस म्हणजे नुसता घोर. मण्यात पाणी उतरलं, म्हणजे कडक मणी मऊ पडून गोड व्हायला लागले, की माझ्या वडिलांचं, तात्यांचं, जेवणात लक्ष नसायचं. थंडी वाढली तर मणी तडकतील, आभाळ आलं तर घड कुजतील आणि त्यातून वाचलेलं पाखरं खातील. थंडी आणि आभाळ कुणाच्या हातात नव्हतं.

पाखरांचं मात्र हातात होतं. म्हणून घरातले झाडून सगळे राखणीला. पत्र्याचे डबे होते, गोफण होती, बागेवर बांधलेल्या चमचमत्या पट्ट्या होत्या. पण सगळ्यांत मोठं हत्यार म्हणजे खुद्द तात्या. बांधावर उभं राहून ते दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळी वाजवायचे आणि "हुर्रऽऽ हा" अशी आरोळी ठोकायचे, की ओढ्यापलीकडच्या साळुंक्यासुद्धा उठायच्या. तात्यांच्या लेखी पाखरांच्या जाती दोनच. द्राक्षं खाणारी, आणि द्राक्षं खायच्या बेतात असलेली. ज्याला हाकलायचं त्याचं नाव विचारून करायचंय काय? जन्मभर त्यांनी पाखरू दिसलं की उडवलं. बघत बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही.

मग आई गेली आणि तात्या विसरायला लागले. विहिरीवरची मोटार चालूच राहायची. चहा पिऊन झाल्यावर चहा मागायचे. एकदा बागेतून घराकडे येताना वाट चुकले, आणि बाग तर त्यांनीच लावलेली. माझा धाकटा भाऊ विलास बाग बघतो. हंगामात त्याला स्वतःकडे बघायला सवड नसते, तर वडिलांकडे कुठून असणार. दिवाळी झाल्यावर तो त्यांना माझ्याकडे घेऊन आला. जाताना गाडीशी उभं राहून डोळे पुसत होता, मी गॅलरीतून पाहिलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे वाढत जाईल, एकटं सोडू नका.

पण तात्यांना घरात कोंडायचं कसं? एका खोलीतून दुसऱ्या खोलीत त्यांच्या येरझाऱ्या चालायच्या. खिडकी उघड, खिडकी लाव. बसणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नाही, आणि त्यांच्याकडून तो माझ्याही अंगात आलेला नाही. आम्ही दोघं त्या छोट्या घरात एकमेकांच्या पायात यायचो. शेवटी नवरा त्यांना आपल्यासोबत शेतावर न्यायला लागला. माझ्या सासरची थोडी जमीन अंजनेरीच्या पायथ्याशी आहे. वांगी, मेथी, बाजारासाठी थोडी शेवंती आणि बांधावर जुना आंबा. मातीत पाय पडले आणि तात्यांना हुरूप आला. संध्याकाळी घरी यायचे ते दमून, आणि झोपायचे.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी, म्हणजे आता दोन वर्षं होतील, एक दिवस ते दारातूनच बोलत आले. आंब्यावर पाखरू बघितलं होतं. अंगठ्याएवढं. बांडगुळाच्या फुलात चोच घालून बसलेलं आणि पाठ अशी लाल की कुंकवाच्या करंड्यात लोळून आलंय. आणि म्हणे त्यांनी ते हाकललं नाही. आंब्याला कुठे द्राक्षं लागली होती! नुसते उभे राहून बघत होते. हे सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की मी गॅस बारीक करून ऐकत बसले.

माझ्या नवऱ्याला मोबाइलमध्ये सगळं सापडतं. त्याने लगेच व्हिडिओ काढून दाखवला आणि जाहीर केलं, की हे हमिंगबर्ड. तात्यांना तो शब्द भारी आवडला. निफाडच्या जुन्या सोबत्यांना फोन करकरून त्यांनी सांगितलं, की नाशकाला आल्यावर मी हमिंगबर्ड पाहिला. आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. मलाही बरं वाटत होतं, कारण बऱ्याच दिवसांनी तात्यांकडे सांगण्यासारखं काहीतरी नवं होतं आणि ते त्यांच्या लक्षात राहत होतं.

मनीषा माझं रोजचं गिऱ्हाईक. कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते आणि सुट्टी मिळाली की गळ्यात दुर्बीण अडकवून डोंगर हिंडते. ती पोळ्या न्यायला आली तेव्हा मी मोठ्या कौतुकाने तिला ही बातमी दिली. ती हसली नाही, ती तशी नाहीच. पण खोटंही बोलली नाही. हमिंगबर्ड तिकडे अमेरिकेत असतात, म्हणाली, आपल्या देशात नाहीत. मध पिणारे आपले ते शिंजीर. तात्या आतल्या दारात उभे होते, आमच्या दोघींच्या लक्षातच आलं नव्हतं.

"म्हंजी आपल्याकडं नसतंच ते?" त्यांनी विचारलं.

मनीषा घाईघाईने समजावायला लागली, की पाखरू असेलच, नाव फक्त वेगळं. पण तात्या वळून आत गेले होते. नसतंच, एवढंच त्यांनी ऐकलं होतं.

हे विलासच्या कानावर जायला वेळ लागला नाही. तो फोनवर काळजीने बोलला, पण बोलला ते माझ्या जिव्हारी लागलं. "ताई, तात्यांना आता नसलेली पाखरं दिसायला लागली. शेतावर विहीर आहे, वर डोंगर आहे. उद्या त्या पाखरामागे गेले म्हणजे? त्यांना घरातच ठेव, नाहीतर मी घेऊन जातो आणि इथे माणूस ठेवतो लक्ष द्यायला." मला राग आला. पण विलासचं चुकत होतं असं छातीठोकपणे कसं म्हणू? तात्या खरंच सकाळचं दुपारी विसरत होते. पण त्यांचं शेतावर जाणं बंद झालं तर त्या माणसात उरेल काय, हेही मला स्वच्छ दिसत होतं. आणि सगळं येऊन अडकलं होतं त्या अंगठ्याएवढ्या पाखरापाशी.

मनीषा दुसऱ्या दिवशी स्वतःहून आली. तिने पुस्तकातली चित्रं उघडून दाखवली. आपल्या अंगणात येतो तो शिंजीर पाठीवर काळपट लाल असतो, पण त्याचं पोट पिवळं. दुसरा एक आहे, फक्त सह्याद्रीच्या रांगांत राहणारा. त्याची पाठ लाल, गळाही लाल, आणि पोट मळकट राखी. आपल्या भागात तो फार थोड्यांनी पाहिलाय, तिलाही अजून दिसला नव्हता. बांडगुळाच्या फुलांवर तो येतो, एवढं मात्र तिला माहीत होतं. म्हणजे सगळा निकाल पोटावर. तिने तात्यांना विचारलं, आजोबा, पोट आठवतं का? तात्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, पिवळं. संध्याकाळी मला हाक मारून म्हणाले, राखी होतं. सकाळी उठून परत पिवळं. आणि मग भाजी निवडताना माझ्याजवळ येऊन बसले. बसले, म्हणजे काहीतरी नक्की बिनसलं होतं.

"मंगल," ते म्हणाले, "मी पाह्यलं ना गं? का मला नुसतं वाटलं?"

मला त्या प्रश्नाची भीती वाटली. वाट चुकणं, चहा विसरणं, यांना मी सरावले होते. पण स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा गेलेला माणूस मी पहिल्यांदा बघत होते आणि तो माझा बाप होता. हो म्हटलं असतं तर ते थाप मारणं झालं असतं. मी तर काही पाहिलंच नव्हतं. आपण पुढच्या फुलोऱ्याला जाऊन बघू, एवढंच मी म्हणाले. तोवर फुलं सुकून गळलीही होती. विलासला मी सांगितलं, एक वर्ष थांब. मला ते पाखरू दिसलं तर तात्या शेतावर जात राहतील. तो म्हणाला, तुला दिसलं तर मी मानेन, तू डोळ्यांत धूळ फेकणारी नाहीस.

असं म्हणून त्याने मला पक्कं बांधून टाकलं.

ते वर्ष कसं गेलं ते विचारू नका. फुलोरा वर्षातून एकदाच आणि मला तर चहा उकळेपर्यंतही दम निघत नाही. नवरा दर पंधरवड्याला कोयता घेऊन बांडगूळ तोडायला निघायचा, झाड मरेल म्हणायचा. शेवटी बाकीचं तोडलं आणि एक फांदी माझ्या नावाने ठेवली. थंडी पडली, मोहोर आला, आणि गेल्या वर्षी याच दिवसांत त्या फांदीवर शेंदरी नळ्या लोंबायला लागल्या. डबे रवाना झाले की मी तात्यांना स्कूटरवर मागे बसवायची आणि त्र्यंबक रोड धरायची. सातपूरची गर्दी मागे पडली की ते माझ्या खांद्यावरचा हात सैल सोडायचे.

आंब्याखाली गोणपाट टाकून आम्ही बसायचो. बसायचो म्हणजे तात्या उठून वाफे बघून यायचे आणि मी मेथी निवडायची, वाटाणे सोलायची, पाय हलवायची. रिकाम्या हातांनी बसून वर बघत राहणं ही मला शिक्षा वाटते. आणि रोज, न चुकता, तात्या फांदीकडे बघून म्हणायचे, "हे बांडगूळ काढलं नाय का अजून? झाड खाऊन टाकील." मी रोज सांगायची, तात्या, इथेच तुमचं पाखरू आलं होतं. मग ते वर बघायचे. पाखरू त्यांना तेव्हा आठवत होतं. बांडगुळाचा आणि त्याचा धागा मात्र रोज नव्याने जोडावा लागायचा.

शिंजीर पुष्कळ आले. दर वेळी पोट पिवळं. ऊन तिरपं पडलं की पाठ लालच दिसायची आणि मला मोह व्हायचा, की म्हणून टाकावं, तात्या, हे बघा, हेच ते. कोण विचारणार होतं? पण मनीषाने मला आधीच ओळखलं होतं. दुर्बीण हातात देतानाच ती म्हणाली होती, पिवळं पोट दिसलं तर मनातल्या मनात राखी करू नका. फुलं गळायला लागली होती. फांदीखाली शेंदरी सडा पडायचा आणि मी वर उरलेली फुलं मोजायची.

आणि मग ते आलं. आलं म्हणजे मला कळलंच नाही कुठून. आधी चिवचिव झाली, मग फांदीच्या टोकाशी नळी हलली. दुर्बीण लावायची गरज पडली नाही इतकं जवळ. डोकं गर्द हिरवट, गळा लाल, पाठ लाल. कुंकवाचा करंडा. पोट फांदीआड होतं. वळ, मी मनात म्हणत होते, वळ की रे बाबा. शेजारी तात्या उभे राहिलेले मला जाणवले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. ते पाखरू चोच काढून, अंग फिरवून दुसऱ्या फुलाकडे वळलं.

त्याच वेळी तात्यांचे दोन्ही हात डोक्यावर गेले. टाळी वाजली आणि तीच ती आरोळी उठली, सबंध निफाडची पाखरं उठवणारी, "हुर्रऽऽ हा."

पाखरू डोंगराकडे गेलं. आंब्यावरचे बुलबुलही गेले. पलीकडच्या वाफ्यातून नवरा काय झालं म्हणून धावत आला. तात्या हात खाली घेऊन त्या हातांकडे बघत उभे होते, हे कुणाचे हात म्हणून. विसरताना माणसाचं नवं आधी जातं आणि जुनं शेवटपर्यंत टिकतं, हे डॉक्टर सांगतात त्यापेक्षा मला त्या टाळीने जास्त कळलं. परवापरवा शिकलेलं नुसतं बघणं गेलं होतं. हाकलणं राहिलं होतं.

"हाकललं ना मी?" ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

पण उडताना ते पाखरू माझ्या डोक्यावरूनच गेलं होतं. मी म्हणाले, "तात्या, पोट राखी होतं."

"तू पाह्यलं?"

"पाहिलं. गळा लाल, पाठ लाल, पोट राखी. तुम्ही सांगितलं होतं तेच."

तात्या गोणपाटावर बसले. मग म्हणाले, "म्हंजी मी पाह्यलं व्हतं." मला रडू आलं ते मी लपवलं नाही. विलासला तिथूनच फोन लावला. त्यानेही आधी पोटाचंच विचारलं. राखी, मी म्हणाले. मग तो म्हणाला, ठीक आहे, पण उन्हात टोपी घालून पाठवत जा. मनीषाने पेढे आणले आणि हळहळलीही, कारण त्यानंतर ती पुन्हा पुन्हा येऊन बसली, पण पाखरू काही परत आलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी परवा भाजीत मीठ दोनदा टाकलं नसतं. पावसाळ्यात तात्यांचं बरंच काही गेलं. दिवाळीत मी सहज त्या पाखराचं बोलले तर ते कौतुकाने ऐकत राहिले, जणू शेजाऱ्याची हकीकत. सगळं ऐकून म्हणाले, "नशीबवान हाय तो म्हातारा." मी हसले आणि आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. तेव्हापासून एक किडा माझ्या डोक्यात वळवळतोय. फोटो नाही. मनीषा नव्हती. नवरा आला तोवर फांदी रिकामी होती. तात्यांसाठी मी साक्षीदार झाले, आता माझ्यासाठी कोण? मी ते पोट राखी बघितलं, की राखी असावं म्हणून मला तसं दिसलं? तात्यांचा प्रश्न असा वारशाने माझ्याकडे येईल असं वाटलं नव्हतं.

काल डबे कसेबसे उरकून आम्ही गेलो. तात्या आता स्कूटरवर मला घट्ट धरून बसतात, सातपूर मागे पडलं तरी. आंब्याखाली तेच गोणपाट. त्यांनी वर बघितलं आणि बांडगूळ काढलं नाही का म्हणून विचारलं. इथे एक पाखरू येतं, मी म्हणाले. "कोणतं?" त्यांनी विचारलं. मी लाल पाठीचं सांगितलं, राखी पोटाचं सांगितलं, आणि हे मी त्यांना सांगतेय की स्वतःला बजावतेय ते मलाच कळेना. त्यांना काही आठवलं नाही. आता ते उठून वाफे बघायलाही जात नाहीत. मी मेथीची जुडी सोडली आणि पाय हलवत निवडायला घेतली.

थोड्या वेळाने माझं लक्ष गेलं. तात्यांनी आपले दोन्ही तळहात मांड्यांखाली घालून दाबून धरले होते आणि मान वर करून फांदीकडे बघत होते. मला वाटलं हात गारठले. विचारलं, तर थंडी वाजत नव्हती. मग हात असे का घेतलेत, म्हटलं. त्यांनी खाली आपल्या हातांकडे बघितलं, बराच वेळ, शोधल्यासारखं.

"ठाऊक नाय," ते म्हणाले. "पन सोडले तर कायतरी उडून जाईल."

मी मेथी बाजूला ठेवली. माझेही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्या शेजारी, न हलता, वर बघत बसले.